आपण जे खातो, त्यानं काय खाल्लं?

मी मांस खाते, मासे खाते, आणि निवृत्त होईपर्यंतची माझी सगळी नोकरी पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत झाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मांसाहारावर कुणी लिहिलं की वाचणारा पहिल्यांदा 'ही कुठल्या बाजूची' ते चाचपतो. जनावरांच्या बाजूची म्हणावं, तर ज्या खाद्यावर ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत कापण्याजोगी होते, त्याच्या ढीगभर नमुन्यांवर माझी सही आहे. खाणाऱ्यांच्या बाजूची म्हणावं, तर 'माणूस पूर्वीपासून खातच आलाय' असली समर्थनं मला ऐकवत नाहीत. माणूस पूर्वीपासून बरंच काही करत आलाय.

विषय निघाला भाच्यामुळे. त्यानं हवामानबदलाचा विचार करून बीफ आणि मेंढीचं मटण सोडलं आणि त्या जागी चिकन सुरू केलं. "मावशी, सरळ आठ-नऊपट फरक पडतो," असं मला उत्साहानं सांगत होता. आकडा त्याचा बरोबर आहे. जोसेफ पोअर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतल्या जवळपास ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १०० ग्रॅम प्रथिनांमागचं उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, असं येतं: खास मांसासाठी पाळलेल्या गुरांचं सरासरी ५० किलो, मेंढ्यांचं २०, चिकनचं ६ च्या आत, आणि वाटाण्याचं अर्धा किलोसुद्धा नाही.

गुरांच्या ढेकरांची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक झालीय. पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यात मिथेन तयार होतो, तो तोंडावाटे बाहेर पडतो. पण खाद्याच्या धंद्यात राहिलेल्या माणसाला त्याआधी दुसरंच काही दिसतं, ते म्हणजे आई. गाय वर्षाला एक वासरू देते. त्या एका वासरापायी तिला वर्षभर पोसायचं, आणि तिनं खाल्लेलं सगळं शेवटी त्या वासराच्या मांसाच्या खाती पडतं. ब्रॉयलरची आई मात्र तिच्या अंडी घालण्याच्या काळात शंभरावर पिल्लं देते. तिचा खर्च शंभरांत वाटला जातो. चिकन 'स्वस्तात' तयार होतं यामागे या वाटणीचा मोठा हात आहे.

तर भाच्याचा हिशोब बरोबर होता, फक्त अर्धा होता. मी त्याला विचारलं, "अरे, आणि जीव किती?"

एका मोठ्या जनावरापासून हाडं वगळून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस मिळतं असं धरू. कोंबडीपासून दीड किलो. म्हणजे त्या एका जनावराची जागा भरायला १५० कोंबड्या. तेच मांस वीस-वीस ग्रॅमच्या छोट्या माशांतून घ्यायचं म्हटलं, तर अख्खे खाल्ले तरी अकरा हजारांच्या वर मासे. आणि छोटे, कळपानं फिरणारे मासे कार्बनच्या यादीत फार चांगले असतात, कारण एका जाळ्यात ते टनावारी येतात आणि किलोमागे डिझेल थोडं जळतं. म्हणजे कार्बनच्या यादीत जसजसं खाली उतरावं, तसतशी जीवांची यादी वर चढत जाते. जगभरात वर्षाला सात हजार कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात, आणि गुरं तीस कोटींच्या घरात. समुद्रातून पकडलेल्या माशांची गणती कुणी करत नाही, वजनच मोजतात. वजनावरून काढलेले अंदाज एक ते दोन लाख कोटींच्या आसपास जातात.

"पण कोंबडी आणि गाय सारखीच कशी?" हा त्याचा पुढचा मुद्दा. सारखी नाही, मान्य. जेरेमी बेंथम या इंग्लिश तत्त्वज्ञानं अठराव्या शतकातच म्हणून ठेवलंय की प्राण्याला विचार करता येतो का हे विचारू नका, त्याला दुःख होतं का ते विचारा. आणि ते विचारलं की नुसतं मरण मोजून भागत नाही, जगणंही मोजावं लागतं. तिथे तर चिकनची बाजू आणखीच लंगडी पडते. मांसासाठी पाळलेली बरीचशी गुरं आयुष्याचा मोठा काळ निदान उघड्यावर चरत असतात.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. त्यांनी १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वंश मिसळू न देता जपून ठेवले होते. ते दोन्ही आणि २००५ मधली ब्रॉयलर जात त्यांनी एकत्र वाढवली. सगळ्यांना खाद्य तेच. ५६ व्या दिवशी १९५७ ची कोंबडी सरासरी ९०५ ग्रॅमची होती, २००५ ची ४ किलो २०० ग्रॅमची. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. लोकांना वाटतं ब्रॉयलर फुगतो तो हार्मोनच्या इंजेक्शनानं. मला नोकरीत असताना हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलं जायचं. इंजेक्शन वगैरे काही नाही हो. ती भूक आणि ती वाढ निवडीनं रक्तात उतरवलेली आहे. पायाची हाडं आणि हृदय त्या वेगाला पुरत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात पक्षी बसून राहतात.

आणि इथे ती आई परत येते. तिच्यातही तीच भूक आहे, पण तिला पाच आठवडे नाही, साठ जगायचंय आणि अंडी घालायचीत. पोटभर खायला दिलं तर ती इतकी जड होते की अंडी धड घालत नाही, मरते. म्हणून ब्रॉयलरच्या आई-बापांना वाढीच्या वयात मोजून खाद्य देतात, मोकळं सोडलं तर जितकं खातील त्याच्या निम्म्याहून कमी. काही ठिकाणी एक दिवसाआड. तक्रारीचा नमुना आणायला मी अशा एका शेडवर गेले होते. सकाळचं खाद्य अजून सुटलं नव्हतं. रिकाम्या पन्हाळीवर चोची आपटण्याचा आवाज मी बाहेर गाडीतून उतरतानाच ऐकला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आत गेल्यावर दिसलं की खाद्य नाही म्हणून त्या पाणीच पीत सुटतात, लेंडी पातळ होते, खालचा भुसा भिजतो, म्हणून पाण्यावरही वेळ ठरवलेली. शेडवाला माणूस अगदी सज्जन होता. "मॅडम, आपण देतो तेवढंच बरोबर आहे," म्हणाला. बरोबरच होतं. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतंच. चिकन खाणाऱ्यांपैकी किती जणांना ही उपाशी आई माहीत असते? मांसाच्या पाकिटावर तिचा उल्लेख कुठेच नसतो.

मग हळू वाढणाऱ्या जाती पाळा, असं कुणी म्हणेल. पाळतातही. त्यांचे पाय धड असतात, त्यांच्या आयांना एवढं उपाशी ठेवावं लागत नाही. पण त्या जास्त दिवस जगतात, जास्त दाणा खातात, म्हणजे जास्त जमीन, जास्त खत, जास्त कार्बन. झालं, पुन्हा तेच त्रांगडं. पक्ष्याचं जगणं सुधारा, हवेचा हिशोब बिघडतो.

चिकन सोडून चीजवर आलेल्यांसाठी एक वाक्य: त्याच अभ्यासात १०० ग्रॅम प्रथिनांमागे चीजचा आकडा ११ आहे, चिकनच्या जवळजवळ दुप्पट.

आता मासे. माशांची आणि माझी ओळख भुकटीतून झाली. प्रयोगशाळेत फिशमीलचं, म्हणजे खाद्यात घालायच्या माशांच्या भुकटीचं, पोतं उघडलं की तो वास केसांत दोन दिवस राहायचा. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. खवल्यांचे तुकडे दिसायचे, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं, बारीक अर्धपारदर्शक काटे, आणि मध्येच एखादा पिवळसर, मोत्यासारखा गोल मणी. तो माशाच्या डोळ्यातला भिंगाचा गोळा. मग प्रथिनं काढायची: गंधकाम्लात नमुना उकळून नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ नं गुणायचं. या पद्धतीला नायट्रोजन कुठून आला ते कळत नाही, म्हणून भेसळ करणारे त्यात युरिया घालतात. युरियाची चाचणी वेगळी करावी लागते, आणि वाळूची वेगळी. हे सगळं पास झालं की आकडा लिहायचा, '६० टक्के प्रथिनं', आणि तो मासा त्या क्षणापासून मासा राहायचा नाही, प्रथिनांची टक्केवारी व्हायचा.

हा मासा कुठून येतो? सगळ्यात मोठा साठा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्ही या छोट्या माशाचा. १९७० साली या एका जातीची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली, आणि ती जवळजवळ सगळी भुकटी करण्यासाठी. १९७२ साली एल निनो आला, म्हणजे तिथल्या समुद्राचं पाणी तापलं, आधीच ओरबाडलेला साठा कोसळला. १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्याही खाली. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिशमील मिळेना म्हणून जगातल्या कोंबड्या आणि डुकरांसाठी सगळे सोयापेंडीमागे धावले. इतरही कारणं होती, पण सोयाबीनचे भाव एवढे भडकले की १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच काही काळ थांबवली. जपान अमेरिकन सोयाबीनवर अवलंबून होता, त्याला मोठा धक्का बसला. त्यानं दुसरीकडे शोध सुरू केला, आणि ब्राझीलच्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशात सोयाबीन पिकवण्याच्या कार्यक्रमात पैसा आणि तंत्रज्ञान घातलं. आज सेराडो जगातल्या मोठ्या सोयाबीन पट्ट्यांपैकी एक आहे आणि तिथली मूळची निम्मी झाडोरा-जमीन गेलेली आहे. समुद्रातला मासा संपला आणि जमिनीवरचं रान तुटलं. मधला दुवा कोंबडीचं खाद्य.

जगातल्या सोयाबीनपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त आजही जनावरांच्या पोटात जातं. 'सोया खाणाऱ्या शाकाहाऱ्यांमुळे जंगलं तुटतात' असं जे म्हणतात, त्यांना ही पेंड दाखवायला पाहिजे.

मग शेतातला मासा खावा का? २०२२ साली पहिल्यांदा पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांपेक्षा जास्त झालं. पण मत्स्यशेती म्हणजे एक गोष्ट नाही. काही कार्प जाती वनस्पती आणि पाण्यातलं शेवाळ खाऊन वाढतात. सामन शिकारी. १९९० च्या सुमारास नॉर्वेतल्या सामनच्या खाद्यात ९० टक्के भाग समुद्रातूनच आलेला असायचा, फिशमील आणि माशाचं तेल. म्हणजे मासे घालून मासा काढायचा. आता तो हिस्सा पाव भागाच्या आसपास आलाय, आणि जागा भरली सोयानं, इतर पिकांनी. धंद्यानं सुधारणा केली हे कबूल करायला हवं. नोकरीतले माझे सहकारी असल्या बदलांसाठी आयुष्य घालवत होते, आणि त्यांना खलनायक ठरवणारं लिखाण वाचलं की मला चीड येते. पण मासा वाचवायचा म्हणून जमीन लागली, हेही आहेच.

समुद्रातल्या पकडीबद्दल लोक मला विचारतात, "बाजारात मासा भरपूर दिसतो, मग संपला कसा म्हणता?" तर असाच दिसतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड शेवटपर्यंत जाळ्यात भरपूर येत होता. साठा कमी झाला की उरलेले मासे थोड्या जागांत दाटी करून राहतात, आणि सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं यंत्र, लावलेल्या बोटीला नेमक्या त्याच जागा सापडतात. प्रत्येक फेरीची पकड चांगली, आणि समुद्र रिकामा होत चाललेला. जुलै १९९२ मध्ये सरकारनं मासेमारी बंद केली. तीस हजारांवर माणसांची रोजीरोटी गेली. दोनेक वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पाहणीत १९७४ साली दहातला एक साठा अतिमासेमारीत होता, आता तीनातला एकाहून थोडा जास्त. उरलेले दोन अजून धड आहेत, हे मात्र बातमीत कुणी लिहीत नाही. जिथे शास्त्रज्ञ मोजतात आणि मोजलेलं पाळलं जातं, तिथे साठे परत भरतातही.

आणि माशाला दुखतं का? २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. मासे तळाशी बसून एका अंगावरून दुसऱ्या अंगावर डोलायला लागले, आम्ल टोचलेले ओठ तळाच्या खडीवर घासायला लागले, आणि कितीतरी वेळ खाद्याकडे फिरकले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर हे वागणं कमी झालं. सगळ्या शास्त्रज्ञांनी हे मानलेलं नाही. माशाच्या मेंदूत आपल्यासारखं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचं बाहेरचं आवरण, नाहीच, मग वेदनेची जाणीव कुठे होणार, असं म्हणणारे आहेत. मला तो ओठ घासणारा मासा पुरेसा वाटतो. बऱ्याच देशांत कायद्यानं जनावराला कापण्याआधी बेशुद्ध करावं लागतं. बहुतेक मासे मात्र हवेत गुदमरून मरतात, किंवा बर्फात, आणि बर्फात थंडीनं शरीर मंदावल्यामुळे मरण उलट लांबतं.

इथवर ऐकून भाचा वैतागला. "मग तुझ्या मते खायचं तरी काय?"

दोन्ही हिशोब एकाच वेळी खाली येतात अशी प्राणिजगातली एक जागा मला सापडली आहे: दोरांवर वाढवलेले शिंपले आणि कालवं. त्यांना खाद्य लागतच नाही. पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, जाता जाता पाणी स्वच्छ करतात. मेंदू नाही, मज्जापेशींचे दोन-चार गोळे आहेत. खाद्य तपासणाऱ्या बाईला याहून आकर्षक प्राणी कुठला असणार! पण सगळ्या शिंपल्यांना एकच माप नको. स्कॅलप या शिंपल्याला कवचाच्या कडेला शंभरावर डोळे असू शकतात आणि तो पोहून पळून जातो. त्याच्याबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. भाच्याला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, "मेंदू नाही म्हणून दुखत नाही, हेच तर माशांबद्दल म्हणत होते ना?" मुद्दा बिनतोड आहे, आणि माझ्याकडे त्यावर शक्याशक्यतेपलीकडे काही नाही.

दुसरी जागा म्हणजे माणसाला खाता येत नाही ते खाणारं जनावर. जगातल्या जनावरांच्या खाद्यापैकी, कोरड्या वजनात, ८६ टक्के माणसाच्या खाण्याजोगं नसतं: गवत, काड, कोंडा, पेंड. अन्न व कृषी संघटनेतल्या संशोधकांचा २०१७ चा हा आकडा मांसाचे समर्थक फार आवडीनं सांगतात. त्याच अभ्यासात पुढे म्हटलंय की जगातल्या धान्यापैकी सुमारे एक तृतीयांश जनावरं खातात, ते सांगायला मात्र विसरतात. नांगर चालणार नाही अशा माळावर चरलेल्या शेळीला मी नावं ठेवणार नाही. पण तेवढ्यावर आजच्याएवढं मांस निघणारच नाही. त्यातून निघेल ते थोडंसं, कधीतरीचं.

म्हणून मी थोडंसं आणि कधीतरी खाते. मांसाच्या यादीत इकडून तिकडे उड्या मारल्या की एका बाजूचं ओझं दुसरीकडे जातं. एकंदर घासच कमी केले की दोन्हीकडचं उतरतं. रोजची प्रथिनं डाळी-कडधान्यांतून, आणि मांसमासे पूर्वीच्या मानानं फारच कमी. पूर्ण का सोडत नाहीस, हे भाचा विचारतो. चव आवडते म्हणून. याला मी तत्त्वज्ञानाचं वेष्टण गुंडाळणार नाही.

मागणी मात्र एक आहे. कोंबडीसाठी बांधलेल्या खाद्याच्या पोत्यावर आम्ही प्रथिनं, तंतू, स्निग्धांश, क्षार, अगदी वाळू किती टक्के तेसुद्धा छापायचो. तेच पोतं खाऊन वाढलेली कोंबडी माणसाच्या पाकिटात जाते तेव्हा त्यावर तिचं वजन आणि तारीख असते. ती किती दिवस जगली, काय खाऊन जगली, त्यात फिशमील होतं का, सोया कुठला, यातलं बहुधा काही नसतं. माहिती कारखान्यात असते, दर बॅचची नोंद असते, मी स्वतः ठेवलेली आहे. ती पाकिटावर छापायला दोन ओळींची जागा पुरते. भाचा म्हणतो, एवढं कोण वाचणार? न वाचो. आधी छापा तर खरं.